घरी म्हणायचं वाक्य

५ सप्टेंबर, गुरुवार

इंग्रजीचा वर्ग सुरू करून महिना होतोय आणि तीन विद्यार्थ्यांपैकी दोघं गळाले. इथे कुणी ‘आवडलं नाही’ म्हणत नाही. ‘सध्या जरा गडबड आहे’ म्हणतात, आणि ती गडबड मग आयुष्यभर टिकते. राहिल्या एकट्या मोरिता-सान. वय सत्तरीच्या पुढे, केस शुभ्र, वर्गात येताना घरी विणलेले मोजे पिशवीतून काढून घालतात. त्यांची मुलगी कॅनडात असते. नातू इंग्रजीशिवाय बोलत नाही, आणि नव्या वर्षाला तो आजीकडे येणार आहे, म्हणून हा खटाटोप. नवऱ्याला सांगितलं तर हरीश म्हणाला, सुप्रभा, आता याला वर्ग म्हणू नकोस, शिकवणी म्हण. म्हणू दे. कर्वेनगरच्या शाळेत एका वर्गात साठ पोरं होती, तेव्हा मला कायम वाटायचं की एखादाच विद्यार्थी असावा आणि भरपूर वेळ असावा. मिळालं की.

आजपासून क्रियाविशेषणं घेतली. स्लोली, क्वायेटली, केअरफुली. काय केलं ते क्रियापद सांगतं, कसं केलं ते क्रियाविशेषण. व्याकरणातला हा एकच भाग मला मनापासून आवडतो. जपानात, या फुनाबोरीत येऊन पाच वर्षं झाली, रोज तीच गाडी, तोच भात, तोच कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत. घडतं ते सगळं तेच असतं, बदलतं ते फक्त कसं घडतं तेवढंच. कम्युनिटी हॉलच्या त्या खोलीतून रूळ दिसतात. शिकवता शिकवता एक गाडी नदीवरून अलगद इकडे आली आणि मी तिच्याकडे बघत राहिले. भानावर आले तर मोरिता-सान हातात पेन्सिल धरून शांतपणे माझी वाट बघत होत्या. मी फळ्यावर ‘पेशंटली’ लिहिलं.

१४ सप्टेंबर, शनिवार

आज अपूर्वाच्या शाळेत पालकांचा दिवस होता. इथली पद्धत अशी की चालू तासाला आईबापांनी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून उभं राहायचं, घरून आणलेल्या सपाता पायांत, आणि हूं की चूं करायचं नाही. मला हे फार आवडतं. चाळीस मानांच्या मागच्या बाजू बघत उभं राहिलं की झोपेत असल्यासारखं वाटतं. आपलं पोर कुठलं हे मानेवरून ओळखायचं. अपूर्वा आता आठवीच्या वयाची, मान लांब झाली आहे.

योगायोगानं तास इंग्रजीचा होता आणि धडा तुलनेचा. फास्ट, फास्टर. वेल, बेटर, बेस्ट. एका वात्रट मुलानं उभं राहून वाक्य केलं की अपूर्वा हिनातापेक्षा पियानो चांगला वाजवते. सगळे हसले. अपूर्वा आणि हिनाता दोघींनी माना खाली घातल्या.

त्याला कारण आहे. नोव्हेंबरात शाळेत समूहगानाची स्पर्धा असते, प्रत्येक वर्ग एक गाणं म्हणतो आणि वर्गातलंच कुणीतरी साथीला पियानो वाजवतं. या दोघींनी नावं दिली आहेत, पुढच्या आठवड्यात निवड. अपूर्वानं अख्खी उन्हाळ्याची सुट्टी त्या एका गाण्यावर घातली. भारतात जायचं नाही म्हणून हट्ट धरला तो त्यासाठीच. बाकी कशाचं तिला एवढं लागलेलं मी कधी पाहिलं नाही.

तास संपल्यावर हिनाताची आई वाकून म्हणाली, तुमची अपूर्वा फार सुरेख वाजवते असं हिनाता सांगत असते. आणि मी, वहीत नोंदवून ठेवते, एकही चूक न करता अस्सल जपानीत म्हणाले, “इये इये, मादामादा देसु.” म्हणजे छे छे, अजून कुठे. वर हेही जोडलं की ती फार सावकाश शिकते, सरावाचा कंटाळा, हिनाता-चान तिच्यापेक्षा कितीतरी चांगलं वाजवते. हिनाताची आई खूश झाली, पुन्हा वाकली, मीही वाकले. कुरोदा-सेन्सेइ, म्हणजे अपूर्वाचे वर्गशिक्षक, शेजारीच होते, तेही मान डोलावत होते. पाच वर्षांपूर्वी याच जागी मी ‘थँक यू’ म्हणून मोकळी झाले असते आणि सगळ्यांची पंचाईत झाली असती. स्वतःच्या घरच्यांचं कौतुक ऐकलं की नाकारायचं, हे आता अंगवळणी पडलं आहे.

अपूर्वा दप्तर घेऊन मागेच उभी होती. घरी येईपर्यंत काही बोलली नाही, दमली असेल. हरीशला सांगितलं तर तो म्हणाला, “आता पासपोर्टच बदलून घे.”

१९ सप्टेंबर, गुरुवार

मोरिता-सानना आज तुलना शिकवली. लहान शब्दाला ‘अर’ लावायचा, फास्टर, हार्डर. शेवटी ‘ली’ असलेल्या बहुतेक शब्दांपुढे ‘मोअर’, म्हणजे मोअर स्लोली. वेल मात्र आपलं रूपच टाकून देतो आणि बेटर होतो. त्यांना हे चटकन कळलं, पण वाक्यं करायला सांगितली तर माणसं घेईनात. शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, आपल्या शिंजुकु लाइनच्या गाडीपेक्षा जोरात धावते. पाऊस कालपेक्षा हळू पडतोय. म्हटलं, माणसांवर करा ना. अमका तमक्यापेक्षा चांगलं गातो, असं. त्या हसून म्हणाल्या, कोण चांगलं गातं ते मला नाही सांगता यायचं. मग मीच उदाहरणं दिली. संपदाचा सुयश अपूर्वापेक्षा मन लावून अभ्यास करतो. हिनाता अपूर्वापेक्षा चांगलं वाजवते. ही संपदा म्हणजे माझी इचिकावाची मैत्रीण, आणि सुयशचा अभ्यास हा आमच्या फोनवरचा कायमचा विषय. मोरिता-सान म्हणाल्या, “तुम्ही दोघींचं वाजवणं ऐकलंत का?” मी म्हटलं, हे नुसतं उदाहरण आहे.

मराठीत आपण शब्दाला धक्का लावत नाही, ‘हळू’ हा हळूच राहतो, आपण फक्त कुणापेक्षा ते सांगतो. मी हे त्यांना समजावत होते आणि बाहेर नदीवर ऊन असं पसरलं होतं की वाक्य अर्धं सोडून मी तिकडेच बघत बसले. शेवटी त्यांनी एक माणसाचं वाक्य केलं. माय डॉटर टेलिफोन्स रेअरली. मग थोडं थांबून, नाऊ शी टेलिफोन्स मोअर रेअरली. ‘मोअर’ अगदी जागच्या जागी. मी व्हेरी गुड म्हटलं, त्यांनी मान तुकवली.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

दुकानात कोथिंबीर शोधत होते तर हिनाताची आई समोर. एकदम खोल वाकली आणि माझे आभार मानायला लागली. मला काही उमगेना. मग कळलं की निवडीच्या आदल्या दिवशी अपूर्वानं आपलं नाव काढून घेतलं, सेन्सेइंना म्हणाली, हिनाता जास्त चांगलं वाजवते. मी हसत हसत ‘छे छे’ केलं, इथे तेही चालून गेलं.

घरी येऊन विचारलं, का गं काढलंस नाव? “बेत्सु नी,” म्हणाली. म्हणजे काही नाही, उगीच. जपानी मुलांच्या तोंडातला हा शब्द मला भिंतीसारखा वाटतो. सगळी सुट्टी घालवून आयत्या वेळी माघार. मी रागावलेच. म्हटलं, सुयशला बघ, एकदा हातात घेतलं की तो शेवटापर्यंत नेतो. ती खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. हरीश म्हणतो वय आहे, सोड. या मुलीत जिद्दच नाही की काय कोण जाणे. वाईट वाटतंय खरं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

अपूर्वा आता माझ्याशी मराठीत बोलत नाही. विचारलं तर जपानीत उत्तर, तेही एका शब्दाचं. हरीशशी बोलते. म्हणजे मराठी विसरलेली नाही.

संपदाकडे जायचं म्हणून दुपारी गाडीत बसले आणि उन्हानं डोळा लागला. स्वप्नात घराजवळच्या शिनकावा नदीच्या काठानं अपूर्वा पुढे चालली होती. मी भरभर चालले तर ती अधिक भरभर. मी हळू झाले तर ती अधिक हळू. अंतर तेवढंच. हाक मारावी तर कुठल्या भाषेत मारायची ते सुचेना. जागी झाले तेव्हा गाडी शेवटच्या स्टेशनात उभी होती आणि डब्यात कुणी नव्हतं. तशीच बसून राहिले. संपदाला फोन करून सांगितलं, आज सध्या जरा गडबड आहे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

स्पर्धा झाली. मोठा हॉल, अंधार, मंचावर तेवढा उजेड. हरीशला ऑफिसात डेमो होता, मी एकटीच गेले. अपूर्वाचा वर्ग आला, ती दुसऱ्या रांगेत उभी राहिली. हिनाता पियानोशी बसली. गाणं नदीवरचं होतं, संथ, आणि मला वाटलं की हॉलच हळूहळू पाण्यात उतरतोय. खूप वेळानं माझं लक्ष अपूर्वाच्या हाताकडे गेलं. ती गात होती समोर बघून, आणि उजव्या हाताची बोटं स्कर्टच्या शिवणीवर वाजवत होती. सगळं गाणं, शेवटच्या सुरापर्यंत. मग हिनाता उठून वाकली, टाळ्या पडल्या आणि अपूर्वानं हात मागे घेतला.

घरी येताना तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, हिनातानं दोन ठिकाणी ताल सोडला, तू तिच्यापेक्षा चांगलं वाजवलं असतंस. ती रस्त्यातच थांबली. कितीतरी दिवसांनी मराठीत बोलली.

“तू मला वाजवताना ऐकलंयस कधी?”

मी ऐकलेलं नाही. आमचा पियानो इलेक्ट्रिकचा, आणि शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून ती कायम हेडफोन लावून वाजवते. बाहेर नुसती पट्ट्यांची टकटक येते. मी म्हटलं, मग त्या दिवशी हिनाताच्या आईसमोर बोलले ते मनावर घेतलंस होय? अगं ते मॅनर्स. इथले सगळेच म्हणतात. तिची आई नाही का म्हणत?

“हिनाताची आई म्हणते ते मॅनर्स असतात, ते सगळ्यांना माहिती असतं. तू म्हणतेस तेव्हा मला कळत नाही, तू जपानी बोलतेयस का खरं बोलतेयस.”

ती पुढे निघून गेली.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मोरिता-सानना सगळं सांगितलं. धडा ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’चा होता, तो राहिला बाजूला. मला वाटलं होतं त्या म्हणतील, तुमचं जपानी बिनचूक होतं, मुलीनंच समजून घ्यायला हवं. त्यांनी चहाचा पेला दोन्ही हातांत धरून सगळं ऐकलं आणि विचारलं, “मग घरी जाताना काय म्हणालात?”

मी म्हटलं, घरी जाताना कुठे काय म्हणायचं असतं?

त्या म्हणाल्या, “बाहेर ‘नाही’ म्हणायचं. मग घरी जायचं, दार लावायचं आणि दुसरं वाक्य म्हणायचं. आज तू छान केलंस. ते म्हणायचं असतं म्हणून तर बाहेर ‘नाही’ म्हणता येतं.”

पाच वर्षं मी या माणसांना बाहेर बघून शिकत आले. दार लावल्यावर ते काय म्हणतात हे मला कुठून कळणार? अर्धीच रीत उचलली आणि वर मिरवली. मोरिता-सान खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, “मी ते वाक्य पुष्कळदा उद्यावर टाकलं.” मग वही उघडून त्यांनी हार्डलीचा अर्थ विचारला. मी सांगितला, जवळजवळ नाहीच.

२४ नोव्हेंबर, रविवार

आज अपूर्वाला म्हटलं, मला ऐकायचंय. तिनं हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवले आणि ती वाजवायला बसली. तिला स्वतःला काहीच ऐकू येत नसणार, पण बोटं थांबली नाहीत. मी जमिनीवर बसले होते. घरातले सगळे आवाज गेले. हरीश स्वयंपाकघरातून काहीतरी विचारत होता, त्याचे ओठ नुसते हलत होते. दुपारचं ऊन पियानोच्या पायापाशी आलं होतं. त्या गाण्यात एक जागा आहे, तिथे ती इतकी हलक्या हातानं वाजवते की पुढचा सूर येईल की नाही अशी भीती वाटते, आणि तो येतो. हे माझ्या घरात, भिंतीपलीकडे, सगळा उन्हाळा चाललं होतं आणि मी टकटक ऐकत पोळ्या लाटत होते. डोळे भरून आले.

संपलं. मी हेडफोन काढून, माझ्याकडे होतं नव्हतं ते सगळं कौतुक एकवटून म्हटलं, “हिनातापेक्षा कितीतरी छान.”

तिनं हेडफोन घेतले, आपल्या कानांवर लावले आणि दुसरंच काही वाजवायला लागली. आता यात काय चुकलं? मला वाटलं होतं खूश होईल.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

रविवारचं वाक्य चार दिवस डोक्यात फिरतंय. आज मोरिता-सान नातवाला म्हणायची वाक्यं तयार करत होत्या. यू रन फास्ट. यू स्पीक वेल. यू ईट हॅपिली. मी सवयीनं म्हटलं, आता यांची तुलनेची रूपं करा. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, कुणाशी तुलना करू? मला एकच नातू आहे.

मी खूप वेळ त्या तीन वाक्यांकडे बघत राहिले. आज गाडी आली आणि गेली तरी खिडकीकडे बघितलं नाही. मग म्हटलं, राहू द्या, अशीच ठेवा, बरोबर आहेत.

३ डिसेंबर, मंगळवार

आज शाळेत तिघांची भेट होती. शिक्षक, मूल आणि आई असे एका टेबलाशी बसतात आणि मुलाविषयी मुलासमोरच बोलतात. खिडकीबाहेर गिंकोच्या झाडाची पिवळी पानं सावकाश खाली येत होती. कुरोदा-सेन्सेइ म्हणाले, अपूर्वा-सान मेहनती आहे, वर्गाला तिची मदत होते. मग म्हणाले, स्पर्धेच्या वेळी तिनं नाव काढून घेतलं त्याचं मला थोडं वाईट वाटलं, ती पियानो फार चांगला वाजवते असं ऐकतो.

आता माझी पाळी होती. ‘इये इये’ ओठांवर आलंच होतं, तो शब्द आपोआप येतो. अपूर्वा टेबलाच्या कडेकडे बघत होती, पुढचं सगळं आधीच ऐकल्यासारखी. मी म्हटलं, “हो. ती छान वाजवते. मी ऐकलंय.”

सेन्सेइंचं पेन हवेत राहिलं. अशा वाक्यावर काय म्हणायचं असतं ते त्यांनाही कुणी शिकवलेलं नसावं. शेवटी ते “सो देसु का”, म्हणजे ‘असं होय’, म्हणाले आणि गणिताकडे वळले. अपूर्वाचे कान लालभडक झाले होते.

शाळेच्या फाटकाबाहेर रस्त्याला लागल्यावर ती जपानीत सुरू झाली की असं कुणीही म्हणत नाही, सेन्सेइंना काय वाटलं असेल, उद्या मी वर्गात कशी जाऊ. मी म्हटलं, चुकलं असेल माझं, माझं जपानी अजून कच्चंच आहे. शिनकावाच्या काठानं चालत राहिलो. पाणी जवळजवळ वाहतच नव्हतं. ती माझ्या पुढे नव्हती की मागे नव्हती, बरोबर चालत होती, पण माझं तिकडे लक्षच नव्हतं. मी आपली ‘छान वाजवते’ला दुसरा कुठला मवाळ शब्द चालला असता याचा विचार करत होते.

“परत म्हण,” ती म्हणाली. मराठीत.

“काय?”

“सेन्सेइंना म्हणालीस ते. मराठीत म्हण.”

साधं वाक्य, पण मला ते पटकन म्हणता येईना. जपानीत म्हणताना ते दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं होतं. या भाषेत मी तिला चौदा वर्षं हाका मारल्या, रागावले, जेवायला बोलावलं, आणि हे एवढं कधी म्हटलं नव्हतं.

“तू छान वाजवतेस,” मी म्हटलं.

पुढे आणखी शब्द आले होते. पण, जरा, असं केलंस तर. मी ते गिळले आणि तोंड मिटून उभी राहिले. अपूर्वा माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती, पुढे काय येतंय याची वाट बघत. पुढे काहीच येत नाही असं दिसल्यावर ती भर रस्त्यात रडायला लागली.